बंद दारें आणि प्रभूचा श्वास

शास्त्रपाठ : योहान २० : १९ ते २२



आठवड्याचा पहिला दिवस, संध्याकाळची वेळ, आणि दारें आंतून लावलेलीं. प्रभूचे शिष्य एका घरांत भयभीत होऊन बसले होते. नगरांत जें घडलें त्याचा धसका त्यांच्या अंगांतून गेला नव्हता. कबर रिकामी आहे ही वार्ता सकाळींच त्यांच्या कानांवर आली होती. तरी दाराची कडी कोणीं काढिली नाहीं. कानांनीं ऐकिलेली सुवार्ता अंगाला पटावयास वेळ लागतो.

ह्या शास्त्रपाठावर मीं पुष्कळ वेळां उपदेश केला आहे. पण ह्या बंद दारांचा अर्थ मला उपदेशपीठावर कळला नाहीं. तो माझ्याच स्वयंपाकघरांत कळला. तो प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, म्हणून लाज गिळून सांगतों.

माझा आठ वर्षांचा मुलगा दुधाचें पातेलें उचलावयास गेला आणि तें त्याच्या हातून सुटलें. ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत दूध पसरलें. मीं हात उगारला. मूल रडलें नाहीं, पळालेंहि नाहीं. त्यानें खांदे वर ओढले आणि श्वास धरून ठेविला. तो धरलेला श्वास मीं तत्क्षणीं ओळखला, कारण तो माझाच होता.

माझे वडील दारू पीत असत. रात्रीं दाराची कडी कशी वाजते ह्यावरून आजची रात्र कशी जाणार हें आई ओळखीत असे. मी कणगीच्या आड जाऊन बसत असें आणि श्वास रोखून धरीत असें. श्वासाचा आवाज झाला तर आपण सांपडूं, अशी माझी समजूत होती. पुढें शाळा झाली, सेमिनरीचें शिक्षण झालें, पाळकपणाची दीक्षा मिळाली. वडील वारले. कणगी मोडली, घरहि पडलें. परंतु दाराची कडी जोरानें वाजली कीं आजहि माझा श्वास छातींतच अडतो.

आज ह्या विषयावर लिहितों, कारण मंडळींतून हिंडतांना मला दिसतें कीं असा अडलेला श्वास घेऊन जगणारा मी एकटाच नाहीं.

१. बंद दारें

लहानपणीं बसलेला घाव वयाबरोबर आपोआप भरून येतो, असा आपला समज आहे. ‘पोर आहे, विसरून जाईल,’ असें आपण म्हणतों. पोर कदाचित् विसरतें. त्याचें अंग विसरत नाहीं.

अमेरिकेंतील सॅन दिएगो शहरांत नऊ हजारांहून अधिक प्रौढ माणसांस त्यांच्या बालपणाविषयीं प्रश्न विचारण्यांत आले. मार, अपमान, लैंगिक अत्याचार, घरांतील व्यसन, आईला होणारी मारहाण, ह्यांपैकीं काय काय तुमच्या वांट्याला आलें? डॉक्टर व्हिन्सेंट फेलिट्टी, डॉक्टर रॉबर्ट अँडा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं हीं उत्तरें प्रसिद्ध केलीं. निम्म्याहून अधिक लोकांनीं निदान एका प्रकारचें तरी दुःख सांगितलें होतें. आणि ज्याच्या वांट्याला जितक्या अधिक प्रकारचीं दुःखें आलीं, त्याला पुढें व्यसन, उदासीनता व हृदयविकार ह्यांचा धोका तितका अधिक, असें दिसून आलें. आपल्या देशांत २००७ सालीं महिला व बालविकास मंत्रालयानें १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत दर तीन मुलांपैकीं दोघांनीं मारहाण सोसल्याचें आढळलें. वाचक हो, आपल्या उपासनेंत सतरंजीवर बसणाऱ्या मुलांकडे पाहून हा हिशेब एकदां मनांत करून पाहा.

असें कां होतें? देवानें आपल्या देहांत संकटासाठीं एक पहारेकरी ठेविला आहे. वाघ दिसतांच काळीज धडधडूं लागतें, स्नायु ताठतात, श्वास वरच्यावर व भरभर चालूं लागतो, किंवा क्षणभर थांबतोच. ही व्यवस्था चांगली आहे. तिच्यामुळेंच मनुष्य पळून वांचतो. वाघ गेला कीं पहारेकऱ्यानें खालीं बसावें, हा नियम. पण ज्या मुलाच्या घरांत वाघ रोज रात्रीं येतो, त्याच्या पहारेकऱ्याला बसावयास सवडच मिळत नाहीं. मूल मोठें होतें, वाघ मरून जातो, तरी पहारेकरी जागाच राहतो. मग दार वाजलें, कोणीं आवाज चढविला, दारूचा वास आला, कीं तो पुन्हां ओरडतो. कोणी रागानें पेटतो, कोणी गारठून जातो, कोणी झोपेस मुकतो, कोणी तो ओरडा बंद करण्यासाठीं स्वतःच बाटलीकडे वळतो.

अशा मनुष्यास ‘भिऊं नको, विश्वास ठेव,’ एवढेंच सांगून आपण मोकळे होतों. त्यानें त्याच्या दुःखांत अपराधाची भर मात्र पडते. त्याला वाटतें कीं आपला विश्वासच खोटा आहे. ह्या वृत्तांतांत प्रभूनें काय केलें तें पाहा. दारें कां लाविलीं म्हणून तो शिष्यांवर रागावला नाहीं. तो त्यांच्या मध्यें येऊन उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो शांतीचा.

२. दाखविलेले घाव

त्यानंतर प्रभूनें त्यांस आपले हात व आपली कूस दाखविली. ही मोठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मरणावर जय मिळविलेला देह, आणि त्यावर खिळ्यांच्या खुणा तशाच! पित्याला त्या पुसून टाकणें अशक्य नव्हतें. त्या राहूं दिल्या, ह्यावरून आपणांस हा बोध होतो कीं बरें होणें म्हणजे घाव झालाच नव्हता असें होणें नव्हे. घाव आहे, पण तो आतां वाहत नाहीं. तो दाखवितां येतो, आणि दाखविणारा त्यानें मरत नाहीं.

आपल्या मंडळ्यांत मात्र घाव झांकण्याची चाल आहे. ‘घरची गोष्ट घरांत’ असें आपण म्हणतों. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा पुढें करून मुलांचीं तोंडें बंद करितों. मान राखणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे. तसेंच क्षमेचें. क्षमा ही ख्रिस्ती मनुष्याची वाट आहे ह्यांत संशय नाहीं; पण ज्याच्या पायांत कांटा अजून रुतलेला आहे त्याला धांवावयास सांगणें ही दया नव्हे. आधीं कांटा कोठें आहे तें त्याला बोलूं द्या. ऐकणारा विश्वासू पाहिजे, आणि ऐकिलेलें पाणवठ्यावर नेणारा नको.

माझ्या वडिलांविषयीं मला एका वृद्ध नातलगाकडून पुढें कळलें कीं १९७२ च्या दुष्काळांत, अकरा-बारा वर्षांचे असतांना, ते खडी फोडण्याच्या कामावर जात असत. दिवसा मुकादमाच्या शिव्या, आणि रात्रीं उपाशी बापाचा मार. हें कळल्यानें त्यांचा अपराध धुतला गेला नाहीं. माझ्या आईच्या अंगावरचे वळ त्यानें पुसले जात नाहींत. परंतु घाव कोठून आला तें मला दिसलें. आणि तो पुढें कोठें चालला होता तेंहि दिसलें : माझ्या उगारलेल्या हातांतून माझ्या मुलाकडे.

३. फुंकलेला श्वास

मग प्रभूनें शिष्यांवर आपला श्वास फुंकला. तो शब्दांनींच सर्व कांहीं करूं शकला असता. पण भ्यालेल्या मंडळीला त्यानें श्वास दिला. शास्त्रांत हें नवें नाहीं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत देव मातीचा मनुष्य घडवितो आणि त्याच्या नाकपुड्यांत प्राण फुंकतो. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायांत सुकलेल्या हाडांवर मांस व कातडें चढतें, तरी श्वास येईपर्यंत तीं प्रेतेंच राहतात. इब्री भाषेंतील ‘रूआह’ व ग्रीक भाषेंतील ‘न्यूमा’ हे शब्द वारा, श्वास आणि आत्मा ह्या तिहींस लागू पडतात. आपल्या मराठीलाहि हें गुपित ठाऊक आहे. भीतीनें आपण जीव मुठींत धरतों, दुःखानें श्वास कोंडतो, संकट टळलें कीं सुटकेचा निःश्वास टाकतों, आणि म्हणतों, ‘आतां कोठें जिवांत जीव आला.’

देहाच्या रचनेंत श्वासाची जागा विशेष आहे. काळजाला ‘हळू चाल’ म्हटल्यानें तें ऐकत नाहीं. श्वास मात्र आपोआपहि चालतो आणि आपल्या इच्छेनेंहि चालवितां येतो. श्वास आंत घेतांना काळजाचे ठोके किंचित् भरभर पडतात, सोडतांना किंचित् सावकाश पडतात. मेंदूपासून निघून काळीज, फुप्फुसें व पोट ह्यांपर्यंत जाणारी एक लांब नस आहे. डॉक्टर तिला व्हेगस म्हणतात. श्वास लांब व शांत सोडिला कीं तिच्या वाटेनें काळजाला विसाव्याचा निरोप पोहोंचतो. उधळलेल्या बैलाला उपदेश करून कोणी थांबवीत नाहीं. कासरा हातीं घेऊन त्याला सावकाश आंवरतात. उधळलेल्या देहाचा कासरा म्हणजे श्वास.

ह्याची रीत सोपी आहे. पाठीला आधार घेऊन बसा. पाय जमिनीला टेकूं द्या. नाकानें सावकाश श्वास घ्या, पोट पुढें येऊं द्या, आणि मनांत चारपर्यंत मोजा. मग सहापर्यंत मोजीत श्वास सोडा. बशींतल्या गरम चहावर आपण हळू फुंकर घालितों तसा. एरवीं मिनिटाला बारा ते वीस श्वास चालतात, ते असे सहावर येतात. सकाळीं पांच मिनिटें व रात्रीं पांच मिनिटें पुरे आहेत. श्वास घेतांना ‘प्रभु येशू’ म्हणावें, आणि सोडतांना ‘मला शांति दे’ म्हणावें.

मोजतां मोजतां मन भटकेल. वासरूं गोठ्याबाहेर गेलें तर त्याला न मारतां परत आणावें, तसें मनाला परत श्वासावर आणा. स्वतःस शिव्या देऊं नका. शिव्या लहानपणीं पुष्कळ झाल्या आहेत. जुनी आठवण आली तर तिला हांकलूं नका, तिच्या मागें धांवूंहि नका. मनांत म्हणा, ‘ही आठवण आहे. आज मी येथें, ह्या घरांत आहें. तो दिवस गेला.’ श्वास हा नेहमीं आजचाच असतो; कालचा श्वास कोणाला घेतां येत नाहीं. म्हणूनच काल अडकलेल्या मनाला तो आजमध्यें आणून सोडतो.

कोणी विचारतील, पाळकबुवा, हें तर परधर्माचें साधन नव्हे काय? बांधवांनो, वारा कोणाच्या शेताचा बांध मानीत नाहीं. सातव्या शतकांत सिनाय पर्वतावरील योहान नांवाच्या ख्रिस्ती मठाधिपतीनें येशूचें स्मरण आपल्या श्वासाशीं जोडावें असें शिकविलें. २००१ सालीं इटलींतील संशोधकांनीं कांहीं निरोगी लोकांकडून लॅटिन भाषेंतील जपमाळेची प्रार्थना म्हणवून घेतली, आणि तिबेटी बौद्धांचा मंत्रहि म्हणवून घेतला. दोहोंनीं श्वास मिनिटाला सुमारें सहावर आला. देह सर्वांचा एकाच निर्माणकर्त्यानें घडविला, म्हणून असें होतें. आपण श्वासाला देव मानीत नाहीं. देणाऱ्याकडे पाहून तो घेतों.

आतां एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी. कित्येक घायाळ माणसांस डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्यानें भीति उलट वाढते. विशेषतः ज्यांचा गळा किंवा तोंड कोणीं दाबलें असेल त्यांस. त्यांनीं डोळे उघडे ठेवावे, समोरच्या झाडाकडे पाहावें, तळपायांखालची जमीन चाचपावी, आणि तेवढ्यावर थांबावें. हें करितां आलें नाहीं तर त्यांत पाप नाहीं. शिवाय श्वास हें सर्व रोगांवरचें औषध नव्हे. झोप उडाली असेल, जुना प्रसंग पुन्हां पुन्हां डोळ्यांसमोर घडत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर ह्या विषयांत तयार झालेल्या डॉक्टराकडे जावें. सरकारनें २०२२ सालीं टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. डॉक्टराकडे जाणें हा अविश्वास नव्हे. एलीया रतामाच्या झुडुपाखालीं मरण मागत पडला, तेव्हां देवानें त्याला आधीं झोप आणि भाकर दिली. मंद वाणी त्यानें पुढें ऐकिली.

४. पाठविलेले लोक

त्याच भेटींत प्रभूनें शिष्यांस जगांत पाठविलें. भ्यालेलीं माणसेंच दार उघडून बाहेर पडलीं. आपणांस मिळालेली शांति आपल्यापाशींच ठेवावयाची नसते.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलें आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. तरुणपणाच्या उंबरठ्यावर असतांनाच दुष्काळाच्या उपासमारींत त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण हीं एकामागून एक गेलीं. वीस-बावीस वर्षांनीं, १८९६-९७ च्या दुष्काळांत, त्याच रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि भुकेनें व अत्याचारानें गांजलेल्या मुलींस घेऊन आल्या. केडगांवचें मुक्ति सदन त्यांतून उभें राहिलें. घाव त्यांच्याहि काळजांत होता. पण तो त्यांनीं पुढच्या पिढीला दिला नाहीं. त्याच्या खुणेवरून त्यांनीं दुसऱ्यांची भूक ओळखिली.

म्हणून माझें मंडळ्यांस कळकळीचें सांगणें आहे. ज्या घरांत आज मूल मार खात आहे, त्या मुलाला श्वास घेण्यास शिकविणें हा उपाय नव्हे. मारणारा हात थांबविणें हा उपाय आहे. १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठीं आहे; तो उपासनामंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. शाळेंत मुलांस मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मनाई आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें ज्याला कळतें, त्यानें तें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, असें २०१२ चा कायदा सांगतो. अपराधी पंच असो, सेवक असो वा माझ्यासारखा पाळक असो, मंडळीच्या अब्रूसाठीं मुलाचा बळी देऊं नका. लेंकरांस अडखळविणाऱ्याविषयीं प्रभु किती कठोर बोलला तें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत वाचा.

आतां स्वयंपाकघरांतली गोष्ट पुरी करितों. उगारलेला हात खालीं आणावयास मला तीन श्वास लागले. मीं ते मोजले. मग पाय थरथरत होते म्हणून त्या सांडलेल्या दुधांतच खालीं बसलों, आणि माझ्या मुलाची क्षमा मागितली. कणगीची गोष्ट त्याला सांगितली नाहीं. ती त्याच्या वयाला पेलणारी नव्हती. एवढेंच म्हणालों, ‘चूक माझी आहे. मी तुला मारणार नाहीं.’ तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानें इतका मोठा श्वास सोडिला कीं तो मला ऐकूं आला; आणि म्हणाला, ‘पप्पा, फडकें आणूं?’

मी पूर्ण बरा झालों असें म्हणत नाहीं. गेल्याच आठवड्यांत वाऱ्यानें दार आपटलें आणि माझे खांदे वर गेले. पण आतां मला तें कळतें. आणि कळल्यावर मी श्वास सोडतों, आणि प्रभूचें नांव घेतों. शिष्यांनींहि एका भेटींत भय टाकिलें नाहीं. आठ दिवसांनीं प्रभु पुन्हां आला तेव्हां दारें पुन्हां लावलेलींच होतीं, असें योहान लिहितो. तरी तो आला, आणि पुन्हां शांतीचाच शब्द बोलला. ज्याला वाटतें कीं मी पुष्कळ प्रार्थना केली तरी भीति परत येते, त्यानें हें वचन उशाशीं ठेवावें.

आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं, ज्याचें दार आंतून बंद आहे अशा प्रत्येकानें पांच मिनिटें बसावें. आणि ज्याचा हात घरांत उठतो त्यानेंहि बसावें. त्याचें दारहि कोणीं तरी कधीं काळीं बंद केलेलें असेल, तरी आपला हात आंवरणें हें त्याचेंच काम आहे.

प्रार्थना : हे प्रभो, बंद घरांत येणाऱ्या तारणाऱ्या, आमच्या देहांत दडून बसलेल्या लेंकराला तूं ओळखतोस. त्याला रागावूं नको. आमच्या घावांस तुझे घाव दाखीव, आमच्या कोंडलेल्या छातींत तुझा श्वास घाल, आणि आमच्या हातांपासून आमचीं मुलें निर्भय होवोत, असें कर. आमेन.